नात्याचे राजकारण आणि राहून गेलेला हिशेब

शिवाजी पार्कवरच्या राजकीय भाषणाचे निम्मे काम पहिल्या वाक्यातच उरकलेले असते, हे मुंबईत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ एवढे शब्द बाळासाहेब ठाकरे यांनी उच्चारले, की पुढे कोणत्या विषयावर बोलणे होणार आहे याची वाट न पाहता मैदान दणाणून जात असे. त्या एका संबोधनात वक्ता आणि श्रोता यांच्यात नाते जुळत असे, त्या नात्याबाहेर कोण उभे आहे हेही न सांगता ठरत असे, आणि घरच्या माणसाला जे विचारायचे नसते ते इथेही विचारले जाणार नाही, अशी एक अलिखित समजूतही होऊन जात असे. हे संबोधन किती जपून वापरले जाते, याचा प्रत्यय मार्च २०२४ मध्ये आला. इंडिया आघाडीच्या सभेत त्याच मैदानावर उद्धव ठाकरे यांनी ‘हिंदू’च्या जागी ‘देशभक्त’ म्हटले आणि विरोधकांना त्यांच्या भाषणातील बाकी कशाहीपेक्षा तो बदल टीकेसाठी पुरेसा वाटला.

लोकानुनयी भाषेबद्दल आपल्याकडे साधारणपणे दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक तऱ्हा ‘भावनेला हात घातला’ म्हणून सोडून देण्याची आणि दुसरी ‘रेवड्या वाटल्या’ म्हणून नाके मुरडण्याची. दोन्हींत असे गृहीत धरलेले असते, की नेते वाहवत जातात आणि लोक भाळतात. मला ते पटत नाही. राजकीय पक्ष ही भाषा विचारपूर्वक योजतात. तिच्यातून नेमके काय साधायचे आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि साधायचे असते ते मुख्यत्वे एकच: सत्ता आणि नागरिक यांच्यातील व्यवहार, ज्यात हिशेब मागता येतो, तो नात्यात बदलून टाकणे, ज्यात हिशेब मागणे अशोभनीय ठरते.

अभ्यासकांनी या भाषेची चिरफाड पूर्वीच करून ठेवली आहे. एका बाजूला निर्मळ जनता आणि दुसऱ्या बाजूला भ्रष्ट उच्चभ्रू अशी समाजाची विभागणी करायची आणि राजकारण म्हणजे केवळ जनतेची इच्छा असे ठासून सांगायचे, ही मांडणी डच अभ्यासक कास मुडे यांनी २००४ मध्ये नेमक्या शब्दांत पकडली. बेल्जियममधील यान यागर्स आणि स्टेफान वालग्राव्ह यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या सहा पक्षांची दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणे तपासली आणि लोकानुनय ही विचारसरणीपेक्षा बोलण्याची एक शैली म्हणून पाहिली. सतत लोकांचा हवाला देणे, वरच्या वर्गावर राग काढणे आणि एखाद्या गटाला ‘आपल्या’तून वगळणे ही त्यांनी पाहिलेली तीन अंगे आहेत. पहिले अंग बहुतेक सगळ्याच पक्षांच्या बोलण्यात असते; तिन्ही एकत्र आली, की रसायन तयार होते. आपल्याकडे त्यात चौथ्या अंगाची भर पडते आणि ते युरोपातल्या अभ्यासात फारसे सापडणार नाही. दादा, भाऊ, ताई, तमिळनाडूत अम्मा, बंगालमध्ये दीदी, मध्य प्रदेशात मामा. आमच्या इथल्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर तर आडनावाला जागाच उरत नाही, कारण ‘भाऊ’ आणि ‘आपला माणूस’ एवढ्यातच तो भरून जातो.

मुंबईत या भाषेला एक खरा, दुखरा इतिहास आहे आणि तो विसरून तिची थट्टा करणे सोपे पण अन्यायाचे आहे. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी केली जाईल ही भीती कोणा वक्त्याने कल्पनेतून काढलेली नव्हती. जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा केली, रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आचार्य अत्रे यांचे ‘मराठा’ हे दैनिक सुरू झाले आणि त्याची भाषा सभ्य मराठीच्या सगळ्या मर्यादा ओलांडणारी होती. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर या शाहिरांनी गिरणगावातल्या मैदानांत जो आवाज लावला तो आजच्या कोणत्याही वॉर रूमला साधणार नाही. लोकांचा हवाला, दिल्लीवरचा राग, भांडवलदारांकडे रोखलेले बोट: अभ्यासकांच्या कसोटीवर हे सगळे लोकानुनयातच मोडते. तरीही एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या संयुक्त महाराष्ट्र चळवळीची मागणी एक होती आणि ती पडताळून पाहता येण्याजोगी होती. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला की नाही, हे कोणाही सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येत होते.

मागणी पूर्ण झाली, पण ती मागणी उभी करताना तयार झालेली ऊर्जा तशीच राहिली आणि तिला मोजमाप उरले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक निघाले. त्यातील ‘वाचा आणि थंड बसा’ हे सदर राजकीय संवादाचा एक अस्सल नमुना म्हणून अभ्यासण्याजोगे आहे. मुंबईतल्या कंपन्यांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात छापल्या जात; भाष्य जवळजवळ नसेच. पुढे त्या सदराचे नाव ‘वाचा आणि उठा’ झाले आणि जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. बेरोजगारी हा गुंतागुंतीचा प्रश्न असतो. त्यात शिक्षण येते, उद्योगांची वाढ येते, भरतीच्या पद्धती येतात. यादीने तो सगळा गुंता आडनावांवर आणून ठेवला. आडनाव वाचायला अर्थशास्त्र लागत नाही. शिवाय राग कोणावर काढायचा याची निवडही त्यातच झाली होती: गिरणीचा मालक दूर राहिला आणि शेजारच्या टेबलावरचा दाक्षिणात्य कारकून समोर आला. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा नंतर आली, पण तिची पायाभरणी त्या निमूट याद्यांनी केली होती. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत या नव्या पक्षाचे ४२ नगरसेवक निवडून आले.

न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे, की ही नुसती भाषणबाजी नव्हती. शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँकांत, विमा कंपन्यांत, मोठ्या आस्थापनांत मराठी मुलांना नोकऱ्या मिळवून दिल्या आणि त्या नोकऱ्यांवर आमच्या पिढीतल्या कित्येकांची घरे उभी राहिली. शिवसेनेची वस्तीतली शाखा हा तर संवादाचा असा प्रकार होता, की त्याची बरोबरी आजचे एकही ॲप करू शकत नाही. बाहेर फळा, आत शाखाप्रमुख, रात्री-अपरात्री दार उघडे, रुग्णवाहिका हवी असेल तर ती मिळते, शाळेत प्रवेश अडला असेल तर कोणीतरी सोबत येते, नळाला पाणी नसेल तर संध्याकाळपर्यंत माणूस फिरकतो. ‘ऐंशी टक्के समाजकारण, वीस टक्के राजकारण’ ही घोषणा लोकांनी मानली ती यामुळे. जी मंडळी या राजकारणाला झुंडीचे राजकारण म्हणून निकालात काढतात, त्यांना चाळीतल्या माणसासाठी सरकारी कार्यालयाची खिडकी किती उंच असते याची कल्पना नसते. पण याच ठिकाणी ती अदलाबदलही घडत होती. पाण्याची जोडणी हा नागरिकाचा हक्क असतो. ती शाखेतून मिळाली, की तो उपकार होतो. हक्काची पावती मागता येते, उपकाराची मागता येत नाही, आणि ज्याने उपकार केले त्याला गेल्या पाच वर्षांत नालेसफाईवर किती पैसे गेले असे विचारणे जिवावर येते.

याचा सर्वांत कडू अनुभव गिरणगावाने घेतला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मराठी माणसाच्या रोजगारावर मुंबईत याहून मोठा घाला पडलेला नाही. मराठी माणसाच्या नावाने बोलणाऱ्यांचे राजकारण मात्र पुढच्या दशकात धर्माच्या भाषेकडे वळले, कारण गिरण्यांच्या प्रश्नात बोट दाखवायला जे समोर होते ते मालक, सरकार, जमिनीचे भाव आणि कापड धंद्याची बदललेली रचना असे सगळे मिळून होते. यादीत छापायला आडनावे सापडत नव्हती.

‘जनता’ कोण, हे या भाषेत कधीच कायमचे ठरलेले नसते. ते निवडणुकीच्या गरजेनुसार ताणता आणि आवळता येते. शिवसेनेने २००३ मध्ये ‘मी मुंबईकर’ ही मोहीम काढली, तेव्हा शहरात राहणारा कोणीही आपला मानण्याची तयारी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कल्याणला रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली आणि मोहिमेतली हवा निघून गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आदित्य ठाकरे पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा वरळीत ‘केम छो वरळी’ असे गुजरातीत लिहिलेले फलक लागले; २०२१ च्या सुरुवातीला ‘मुंबई मा जलेबी ने फाफडा, उद्धव ठाकरे आपडा’ अशी साद घातली गेली. भाजप एकीकडे मराठी अस्मितेत आपणही कमी नाही असे दाखवतो आणि दुसरीकडे छठपूजेच्या व्यासपीठांवर त्याच पक्षाची मंडळी पहिल्या रांगेत असतात. याला दांभिकपणा म्हणून चिडण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही, कारण मतदारसंघातील मतांची बेरीज समोर ठेवून कोणत्या वस्तीत कोणाला ‘आपले’ म्हणायचे हे ठरवणे हा प्रचाराच्या आखणीचा रोजचा भाग आहे. आश्चर्य वाटायचेच असेल तर ते याचे, की हे सगळे उघड दिसत असूनही प्रत्येक वेळी ‘आपले’ ऐकल्यावर आतून काहीतरी हलते. माझेही हलते.

साधेपणाचे प्रदर्शन हा याच आखणीचा दुसरा भाग. विरोधकाने हिणवले, की ते हिणवणे उचलून छातीवर लावायचे, हे तंत्र ‘चायवाला’ने देशभर शिकवले आणि २०२२ च्या सत्तांतरानंतर महाराष्ट्रात रिक्षा विरुद्ध मर्सिडीज असा सामना रंगला, तेव्हा शिवसेना फोडून मुख्यमंत्री झालेल्या, पूर्वी रिक्षा चालवलेल्या एकनाथ शिंदे यांनी ते सफाईने वापरले. सीएम म्हणजे कॉमन मॅन, हे त्यांचे पालुपद त्यातूनच आले. दुसऱ्या बाजूने, फुटलेल्या आमदारांनी पैसे घेतल्याचा आरोप करणारी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवरून निघाली आणि लग्नाच्या वरातींपर्यंत पोहोचली. आमदारांनी पक्ष का बदलला, पक्षांतरबंदी कायद्याचा अर्थ काय, विधानसभाध्यक्षांचे अधिकार किती, हे प्रश्न त्या तीन-चार शब्दांत मावणारे नव्हते आणि मावावेत अशी कोणाची इच्छाही नव्हती. फुटलेले आमदार उतरले होते त्या गुवाहाटीच्या हॉटेलातून आलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ने तर एका घटनात्मक पेचप्रसंगाला करमणुकीचे रूप दिले आणि आपण सर्वांनी ते रील हसत हसत पुढे पाठवले.

या सगळ्यात एक प्रयोग वेगळा होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी एकही उमेदवार उभा न करता सभा घेतल्या आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत सरकारचे दावे आणि प्रत्यक्ष परिस्थिती पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली. जाहिरातीत दाखवलेल्या गावात जाऊन, तिथल्या माणसांना बोलते करून, तो दावा तपासायचा, हे काम खरे तर वृत्तपत्रांचे. सभा तुफान गाजल्या. निकालात महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या. त्यावरून लोकांना पुरावे नकोच असतात असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला वेगळे वाटते. पुरावा मांडणाऱ्याकडे मत देण्यासाठी चिन्हच नव्हते, आणि मांडणीही अशी होती, की श्रोता तपासणारा न राहता टाळ्या वाजवणारा प्रेक्षक झाला. लोकानुनयाच्या शैलीत हिशेब मांडता येतो, हे मात्र त्या सभांनी दाखवले.

आश्वासनांच्या बाबतीत मुंबईचे सर्वांत बोलके उदाहरण झोपडपट्टीचे आहे. १९९५ मध्ये युतीने चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे वचन दिले. सत्ता आली, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण उभे राहिले आणि तीन दशकांनंतरही त्या आकड्याच्या जवळपास कोणी पोहोचले नाही. दरम्यान ‘पात्र’ ठरण्याची तारीख हीच प्रचाराची सामग्री झाली: आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, पुढे २०११ पर्यंतच्यांना सशुल्क घर. २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे आश्वासन २००४ मध्ये काँग्रेस आघाडीने दिले होते आणि निवडून आल्यावर काही आठवड्यांतच, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, शहरभर बुलडोझर फिरले. घर मिळाले, की माणूस मतदार म्हणून मोकळा होतो. तारीख पुढे सरकत राहिली, की तो दर पाच वर्षांनी पुन्हा रांगेत उभा असतो. हे कोणी बैठक घेऊन ठरवले असेल असे नाही, पण याचा लाभ कोणाला होतो हे पक्षांच्या लक्षात आले नसेल यावर माझा विश्वास नाही. एक रुपयात झुणका-भाकर ही त्याच सरकारची दुसरी घोषणा. तिची केंद्रे पुढे वडापाव आणि चायनीजच्या गाड्यांत विरून गेली आणि २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीच्या रूपाने कल्पना परत आली.

आता ‘लाडकी बहीण’. या योजनेइतके रेखीव उदाहरण संवादनीतीच्या विद्यार्थ्याला क्वचितच मिळेल, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबते. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागले आणि भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी यांच्या महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. संविधान बदलले जाणार, हा विरोधकांचा प्रचार आपल्याला भोवला, असे सत्ताधाऱ्यांनी सांगितले आणि ‘फेक नरेटिव्ह’ हा शब्द त्या उन्हाळ्यात प्रत्येक बाइटमध्ये ऐकू आला. २८ जूनच्या अर्थसंकल्पात अजित पवार यांनी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली: २१ ते ६० (काही दिवसांतच ६५) वयोगट, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात. मध्य प्रदेशात शिवराजसिंह चौहान यांच्या ‘लाडली बहना’चा आदल्या वर्षीचा अनुभव समोर होताच, आणि कर्नाटकात काँग्रेसने ‘गृहलक्ष्मी’तून महिन्याला २,००० रुपये देणे सुरू केले होते. पैसे किती यापेक्षा ते कोणत्या मुहूर्तावर येतात, हे पाहण्यासारखे आहे. पहिले दोन हप्ते एकत्रित राखीपौर्णिमेच्या तोंडावर आले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेपूर्वी, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून आगाऊ जमा झाले. सरकारी अनुदानाला दोन्ही बाजूंनी बहीण-भावाच्या सणांचे कोंदण मिळाले.

मग भाऊ कोण, यावरून घरातच रस्सीखेच सुरू झाली. अजित पवारांनी गुलाबी जाकीट चढवले आणि त्यांच्या पक्षाच्या जाहिरातींतून योजनेच्या नावातला ‘मुख्यमंत्री’ हा शब्द गळला, तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या शिंदे यांच्या मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. भाजपच्या फलकांवर देवेंद्र फडणवीस ‘देवाभाऊ’ म्हणून अवतरले. महाविकास आघाडीने आधी राज्याच्या तिजोरीची काळजी व्यक्त केली आणि मग ‘महालक्ष्मी’ नावाने महिन्याला ३,००० रुपयांचे वचन दिले. महायुती १,५०० वरून २,१०० वर गेली. म्हणजे वाद रकमेचा उरला आणि नात्याची चौकट सगळ्यांनीच मान्य केली. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, तेव्हा भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या होत्या. एकट्या योजनेने हे घडले असे कोणी म्हणू नये, पण ती नसती तरी असेच घडले असते असे म्हणणाराही मला भेटलेला नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना हे पैसे मिळतात. त्यातून त्यांनी मुलीच्या क्लासची फी भरली, आणि जे बँक खाते आजवर नवरा हाताळत असे ते त्या स्वतः हाताळू लागल्या. या बदलाला कमी लेखणाऱ्यांशी माझे जमत नाही. आयकरात सवलत मिळाली तर आपण तिला रेवडी म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले, तेव्हा आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांची चित्रे फिरली होती. पण मावशींना मी एकदा विचारले, की हे पैसे येतात कुठून, पुढच्या वर्षी मिळतील का, वाढवून देणार होते त्याचे काय झाले. त्या म्हणाल्या, “ताई, भाऊ ओवाळणी घालतो तेव्हा आपण त्याला तुझा पगार किती म्हणून विचारतो का?” प्रचारतज्ज्ञांनी कोट्यवधी खर्चून जे साधायचे असते ते मावशींनी एका वाक्यात मला समजावून दिले. त्या भाबड्या आहेत म्हणून असे बोलल्या नाहीत. ज्या नात्यात त्यांना बोलावले गेले, त्या नात्याची रीत त्यांनी पाळली.

निवडणुकीनंतर ती रीत एकतर्फी असल्याचे दिसू लागले. आधी घाईघाईने भरून घेतलेल्या अर्जांची छाननी सुरू झाली, अपात्रांची नावे वगळली जाऊ लागली, ई-केवायसी सक्तीची झाली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. सुरुवातीला वर्षाकाठी ४६,००० कोटींचा खर्च सांगितला गेला होता. २,१०० रुपयांची तरतूद त्यात नव्हती. छाननी करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे आणि ती आधी व्हायला हवी होती. पण बहीण म्हणून बोलावलेल्या बाईला अपात्र लाभार्थी म्हणून कळवले जाते, तेव्हा तिने दाद कोणाकडे मागायची? हक्क असता तर अपील करता आले असते.

कायद्याने या भाषेला आळा घालण्याचे प्रयत्न झाले, त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागणाऱ्या भाषणांवरून शिवसेनेचे रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम केला आणि पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. पण अंतिम निकाल येईपर्यंत ज्या भाषणांबद्दल खटला होता त्याच सुरावर युती राज्यात सत्तेवर आली होती. जाहीरनाम्यातील मोफत वस्तूंची आश्वासने हा भ्रष्ट आचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितले आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला लावली. ती आहेत. वाचायला चांगली आहेत.

पडताळता येईल असे वचन मुंबईत अगदीच दिले जात नाही, असेही नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचे आश्वासन दिले आणि जानेवारी २०२२ मध्ये ते अमलात आले. उशीर झाला, पुढची निवडणूक दिसू लागल्यावर झाले, हे खरे. पण घराचे क्षेत्रफळ आणि कराचे बिल या दोन गोष्टी हातात घेऊन कोणालाही ते तपासता येते, आणि म्हणून मला ते वचन त्या निवडणुकीतल्या बाकी सगळ्या गर्जनांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. गंमत अशी, की पक्षाने त्याचा जेवढा गाजावाजा करायला हवा होता तेवढा केला नाही.

सगळ्यांत सूचक गोष्ट मात्र मला त्यानंतरच्या काळात दिसते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आधी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, मग प्रभागांच्या संख्येचा: महाविकास आघाडीने २२७ चे २३६ केले, नव्या सरकारने २३६ चे पुन्हा २२७ केले, आणि प्रकरण न्यायालयात राहिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, तोवर तीन वर्षे उलटली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प प्रशासनाने एकाही निर्वाचित नगरसेवकाच्या चर्चेविना मांडला. जुलै २०२३ मध्ये उपनगरांचे तत्कालीन पालकमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी महापालिका मुख्यालयातच नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कार्यालय उघडले. त्यावर वाद झाला, पण तो कोण कोणाच्या घरात शिरले या अंगाने अधिक झाला. जनतेचा आवाज आपणच आहोत असे सांगणारे सगळे पक्ष शहरात हजर होते, गद्दार आणि खोके यांवर सभा गाजत होत्या, मुंबई तोडण्याचा डाव दर दसऱ्याला उघड केला जात होता, आणि जनतेने निवडलेले सभागृह मात्र रिकामे होते. मी त्या काळात ऐकलेल्या भाषणांत या रिकाम्या सभागृहाला एखादे वाक्य मिळत असे, फार तर दोन.

आमच्या विभागातल्या एका जुन्या कार्यकर्त्याला मी याचे कारण विचारले. दोन पक्ष, चार नेते आणि अगणित फ्लेक्स पाहिलेला हा माणूस. तो म्हणाला, “ताई, प्रशासकावर कोण चिडणार? त्याला ना जात, ना झेंडा. आणि वॉर्ड किती हा खेळ तर दोघांनी केलाय, मग बोट दाखवायचं कोणाकडे?” मग त्याने मला नालेसफाईचे काही काम असेल तर थेट त्याला फोन करायला सांगितले, आपली पोरे सकाळी पाठवून देतो म्हणाला, आणि खरोखर पाठवलीही असती.